अब्बांची शिडी

आमच्या शाळेचे फाटक भर चौकात उघडते. चौकात सिग्नल आहे, पण तो गाड्यांसाठी. एका रस्त्याची वाहने थांबली की दुसऱ्याची सुटतात, ती थांबली की पुन्हा पहिली. पायी चालणाऱ्याने नेमके केव्हा निघायचे, हे त्या तीन दिव्यांपैकी एकही सांगत नाही. शाळा सुटली की मी आणि आणखी एक टीचर हात वर करून रस्त्यात उभ्या राहतो आणि पाचवी-सहावीच्या मुली एकमेकींची दप्तरे धरून पलीकडे जातात. ओढणी, दप्तर, पाण्याची बाटली सावरत धावणारी ती रांग पाहताना माझा जीव रोज टांगणीला लागतो.

२०२२ च्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीच्या पायावरून रिक्षाचे चाक गेले. तीन महिने ती घरी होती. हाड जुळले, चाल मात्र थोडी बदलली. सिग्नल लाल झाला म्हणून ती निघाली होती. तो लाल दिवा सरळ येणाऱ्यांसाठी होता. डावीकडून वळून आलेल्या रिक्षाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. २०२३ च्या विज्ञान प्रदर्शनाची सूचना आली, तेव्हा नववीतल्या तिघी माझ्याकडे आल्या. त्यांतली एक त्या मुलीची थोरली बहीण. "टीचर, आम्हाला चौक करायचाय." मी मनात म्हटले, झाले! थर्माकोलचे रस्ते, खेळण्यातल्या मोटारी, काडीला चिकटवलेले तीन दिवे आणि मागे पडद्याआड बसून बटणे दाबणारी एक मुलगी. असे चौक मी प्रत्येक प्रदर्शनात पाहिले आहेत. पण थोरली म्हणाली, "कुणी मागे बसून बटणं दाबणार असेल तर नको. आपोआप चालला पाहिजे."

माझा धाकटा भाऊ डिप्लोमा करून भोसरीत पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागला आहे. त्याला फोन केला. तो हसला. "आपा, पॉलिटेक्निकमध्ये पीएलसी शिकवताना पहिल्या काही प्रयोगांत सिग्नल असतोच. पीएलसीवरच करा ना." दिवाळीला तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत भंगारात निघालेल्या पॅकिंग मशीनमधला डेल्टा कंपनीचा एक जुना पीएलसी, चोवीस व्होल्टचा एसएमपीएस, वायरची भेंडोळी आणि त्याचा जुना लॅपटॉप होता.

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. दिसायला तळहाताएवढा डबा. एका अंगाला इनपुट, म्हणजे बटणे आणि स्विचच्या वायरी आत येण्याची जागा. दुसऱ्या अंगाला आउटपुट, म्हणजे दिवे आणि मोटारींना हुकूम बाहेर जाण्याची जागा. आमच्या डब्याला आठ इनपुट आणि सहा आउटपुट होते. मधला मेंदू एकच काम करत राहतो. आधी सगळे इनपुट पाहतो, मग प्रोग्रॅम वरून खाली वाचतो, मग आउटपुट बदलतो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. मी मुलींना सांगितले, समजा मी वर्गात येऊन हजेरी घेतली, धडा वाचला, गृहपाठ दिला आणि तुम्ही वही उघडायच्या आत पुन्हा हजेरी सुरू केली. असे सेकंदाला शेकडो वेळा. एक जण म्हणाली, "तुम्ही तसंच करता टीचर."

प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीला लॅडर म्हणतात, म्हणजे शिडी. दोन बाजूंना दोन उभ्या रेघा आणि मध्ये पायऱ्या. डाव्या रेघेकडून अटी मांडत निघायचे आणि उजव्या टोकाला परिणाम लिहायचा. अमुक बटण दाबले असेल आणि तमुक टायमर संपला नसेल, तर हा दिवा लागेल. दुसऱ्या दिवशी मुली वहीत शिडी काढून घेऊन आल्या. सुरेख काढली होती, पट्टी लावून. फक्त उलटी होती. अटी उजवीकडून सुरू होऊन दिवा डाव्या टोकाला. भाऊ पोट धरून हसला. मला हसू आले नाही. आमच्या वह्या उजवीकडून उघडतात. उर्दू शाळेतल्या मुलाला पहिलीपासून एक कसरत अंगवळणी पडलेली असते, ओळ उजवीकडून लिहायची आणि तिच्यातला आकडा डावीकडून. ही शिडी ओळ समजायची की आकडा, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

भाषेचा घोळ तेवढ्यावर थांबत नाही. आमच्या पुस्तकात करंटला 'बर्की रौ' म्हणतात, रेझिस्टन्सला 'मुजाहमत'. माझी मुलगी आयटीआयला गेली की तिथल्या मराठी पुस्तकात विद्युतधारा आणि रोध भेटतात, आणि मशीनवर इंग्रजी. एकच वस्तू तीन नावांनी ओळखता आली तर ती श्रीमंती म्हणायची, पण पहिल्या सहा महिन्यांत ती श्रीमंती पोराच्या बोकांडी बसते. अनेक जण तेवढ्यातच कॉलेज सोडतात. मी स्वतः बी.एड.ला मराठी माध्यमात हे भोगले आहे. पाठ-टाचण लिहिताना शब्द सुचायचा उर्दूत, खोडून लिहायचा मराठीत.

भाऊ परत गेला आणि खरे काम सुरू झाले. मी माहेरीच राहते. त्याचे कारण इथे सांगण्यासारखे नाही. रविवारी मुली घरी यायच्या आणि पुढच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर वायरिंग चालायचे. खाटेवर अब्बा बसलेले असायचे, हातात अखबार. वय सत्तरीला आलेले, दोन्ही गुडघे गेलेले. सलाम घेऊन पुन्हा अखबारात.

पहिला दिवाच लागेना. लॅपटॉपवर प्रोग्रॅम बरोबर, डब्यावरचा आउटपुटचा बारका दिवा लुकलुकतोय, फळीवरचा हिरवा मात्र ठार अंधारात. पीएलसी म्हणत होता, मी दिला. दिवा म्हणत होता, मला मिळाला नाही. अर्धा तास आम्ही वायरी ओढून पाहिल्या. दिवा बदलला. भावाचा फोन लागेना. तेव्हा खाटेवरून आवाज आला, "कॉमन किधर है?"

मी वळून पाहिले. अब्बा अखबार बाजूला ठेवून उठत होते.

त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता की मला स्वतःची लाज वाटली. आमच्या पीएलसीचे आउटपुट रिलेचे होते. असा आउटपुट स्वतः वीज देत नाही. तो नुसता दरवाजा असतो, उघडतो आणि मिटतो. दरवाजाच्या एका बाजूला चोवीस व्होल्ट आपणच आणून द्यावे लागतात, त्या टोकाला कॉमन म्हणतात. आम्ही दरवाजा उघडत होतो, पण अंगणात कुणी आलेलेच नव्हते. अब्बांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. आतून दोन टोकांचा टेस्ट लॅम्प निघाला, मूठ चिकटपट्टीने गुंडाळलेली. पंधरा वर्षांत मी ती पेटी उघडलेली पाहिली नव्हती. कॉमनला वायर गेली आणि हिरवा लागला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अब्बा म्हणाले, "तालियां कायकू? एक वायर ईच तो थी."

अब्बा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते. मोटारींचे स्टार्टर, कॉन्टॅक्टर, रिले, त्यांची पॅनेले, हे त्यांचे जग. मी प्राथमिक शाळेत असताना गिरणी बंद पडली. पुढची वीस वर्षे त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यांतून मिळेल ते केले, जळालेले स्टार्टर दुरुस्त करणे, मोटारींचे कनेक्शन बदलणे, रात्री-अपरात्री फ्यूज बांधणे. मग डोळे आणि गुडघे दोन्ही गेले. शिक्षण चौथी, तेही उर्दू. त्यांच्या धंद्याचे शब्द मात्र ना उर्दू, ना मराठी. होल्डिंग, इंटरलॉक, एनओ, एनसी, चेंजओव्हर. त्यांच्यासोबत काम करणारे तेलुगू पद्मशाली आणि कानडी लिंगायत गडीही हेच शब्द बोलायचे.

एक गोष्ट कबूल करून टाकते. बी.एड.च्या प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. मी 'व्यापार' लिहिले होते. अब्बांनी त्याच अर्जावर सही केली. त्यांना मराठी अक्षरे लावून वाचता येतात. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी लॅपटॉपवरची शिडी पाहायला त्यांनी खुर्ची जवळ घेतली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ पाहिले आणि एकदम म्हणाले, "ये तो हमाराच नक्शा है!" दोन उभ्या रेघांमधल्या दोन छोट्या रेघा म्हणजे उघडा कॉन्टॅक्ट. त्यांवर तिरपी रेघ मारली की मिटलेला, एनसी. टोकाचा गोल म्हणजे कॉइल. गिरणीतल्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला कंट्रोल सर्किटचा कागद असाच असायचा. लॅपटॉपवरचे एक इंग्रजी अक्षरही न वाचता अब्बांनी बोट ठेवून पहिली पायरी वाचून दाखवली. स्टार्ट दाबला, रिले आत गेला, स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःला धरून बसला, स्टॉप दाबेपर्यंत सुटणार नाही. होल्डिंग.

भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आपा, तसंच असणार. ते अब्बांसारख्यांसाठीच बनवलंय." मग मी ते शोधून वाचले. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेच्या भिंतीएवढ्या पॅनेलांचा कंटाळा आला होता. गाडीचे मॉडेल बदलले की हजारो वायरी उपटून पुन्हा जोडायच्या. त्यांना वायरी न बदलता बदलता येईल असे यंत्र हवे होते. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्याच्या साथीदारांनी ते केले. कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव मोडिकॉन ०८४. आणि ते चालवायला नवी भाषा शिकायला न लावता, कारखान्यातल्या वायरमनला आधीच येणारी शिडी त्यांनी तशीच पडद्यावर ठेवली. १९९३ मध्ये पीएलसीच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यातही ती शिडी आहेच.

मी हे वाचून थोडा वेळ नुसतीच बसले. दरवर्षी विज्ञान दिनाच्या भाषणात मी मुलींना अल-जझरीची गोष्ट सांगते. १२०६ मध्ये त्याने यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला, त्याच्या नावेतले वादक खुंट्या बसवलेल्या फिरत्या दंडाने वाजायचे, ते एक प्रकारचे प्रोग्रॅमिंगच होते. खरेच आहे ते. पण आठशे वर्षांपूर्वीचा इंजिनियर सांगताना माझ्या आवाजात जो अभिमान असतो, तो घरातल्या खाटेवरच्या माणसाबद्दल मी कधी वर्गात आणला नव्हता.

अब्बा शंभर टक्के बरोबर होते असे मात्र नाही. मुलींनी सगळा क्रम लिहिला. उत्तर-दक्षिण हिरवा तीस सेकंद, पिवळा तीन, मग दोन सेकंद चारही बाजू लाल, मग पूर्व-पश्चिम तेच. टायमर दशांश सेकंदात मोजत होता, म्हणून तीस सेकंदांना तीनशे लिहायचे. प्रत्येक टप्प्याला ज्या-ज्या बाजूचा लाल लागायला हवा, तिथे त्यांनी त्या लाल दिव्याची कॉइल लिहिली. चालवून पाहिले तर लाल फक्त अगदी शेवटच्या टप्प्यात लागायचा, एरवी विझलेला. मुली गोंधळल्या आणि अब्बा तर चिडलेच. "दो तरफ से वायर आई तो दिवा जलनाच होना! एक नहीं तो दुसरी से आता ना करंट."

वायरीच्या जगात ते खरे आहे. पीएलसीच्या जगात नाही. भावाने रात्री फोनवर समजावले. डबा शिडी वरून खाली वाचतो. तिसऱ्या पायरीने म्हटले लाल लाव, आठव्या पायरीने त्याच लालसाठी म्हटले विझव, तर डबा शेवटचे ऐकलेले लक्षात ठेवतो आणि तेच बाहेर पाठवतो. एक कॉइल एकदाच लिहायची, आणि लावणाऱ्या सगळ्या अटी तिच्या मागे एकाखाली एक समांतर जोडायच्या. अब्बांनी स्पीकरवर हे ऐकले. "मतलब, आखरी में बोल्या सो खरा," ते म्हणाले, "हमारे जमात के मीटिंग सरीका." आणि रुसून झोपायला गेले.

क्रम सुधारला, चौक चालू लागला. पण थोरली खूश नव्हती. "टीचर, हा तर आपल्याच चौकासारखा झाला." तिचे म्हणणे खरे होते. दोन रस्ते, प्रत्येकी तीन दिवे. दोन त्रिक सहा. सहा आउटपुट संपले. चालणाऱ्यांसाठी जागाच उरली नव्हती. भावाला विचारले तर म्हणाला, जोडायचा जादा मोड्यूल मिळतो, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पाहतो. त्याने सांगितलेली किंमत आमच्या प्रदर्शनाच्या अनुदानाच्या दुपटीहून जास्त होती. मी म्हटले, आता चार्टवर लिहू की भविष्यात पादचारी दिवा जोडता येईल. थोरलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते.

रुसवा सोडून अब्बांनी विचारले, "लाल कू आउटपुट कायकू होना?"

हा प्रश्न आम्हाला कळायलाच दहा मिनिटे लागली. रिलेमध्ये चेंजओव्हर कॉन्टॅक्ट असतो. त्याला एक टोक येण्याचे आणि दोन टोके जाण्याची. रिले सुटलेला असला की वीज एका टोकाकडे जाते, ओढला गेला की दुसऱ्याकडे. अब्बांनी अखबाराच्या कडेला पेन्सिलीने काढून दाखवले. वीज आधी हिरव्याच्या रिलेकडे आणायची. तो ओढलेला असेल तर हिरवा लागेल. सुटलेला असेल तर वीज पुढे पिवळ्याच्या रिलेकडे जाईल. तोही सुटलेला असेल तर आपोआप लालकडे. हिरवा नाही, पिवळा नाही, म्हणजे लाल. त्यासाठी पीएलसीने काही सांगायची गरजच नाही. एका बाजूला एका वेळी एकच दिवा, दोन कधी लागणार नाहीत आणि दिवा-वायर शाबूत असेपर्यंत एकही नाही असेही होणार नाही.

दोन लाल मोकळे झाले, म्हणजे दोन आउटपुट हाती आले. त्यांतल्या एकावर पादचाऱ्यांचा रिले, ओढला की 'चला', सुटला की 'थांबा'. तेही एकाच आउटपुटात. सहावा उरला. त्यावर मुलींनी बझर लावला, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ही कल्पना त्यांची, माझी किंवा अब्बांची नव्हे.

इथे अब्बांनी एक हट्ट धरला. उत्तर-दक्षिणचा हिरवा रिले ओढायचा असेल तर त्याच्या कॉइलची वायर पूर्व-पश्चिमच्या हिरव्या आणि पिवळ्या रिलेच्या मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून आणि पादचारी रिलेच्या मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून फिरवून आणायची. तसेच उलट बाजूने आणि पादचाऱ्यांचेही. मी म्हटले, प्रोग्रॅममध्ये तसे लिहिलेले आहे की, दोन हिरवे एकदम लागणार नाहीत. अब्बा म्हणाले, लिहिलेले चुकू शकते. गिरणीत फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर असायचा, मोटर सुलट-उलट फिरवायला. दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी आत गेले तर फेजवर फेज पडून भडका उडतो. म्हणून एकाची वायर दुसऱ्याच्या दारातून न्यायची. "एक अंदर है तो दुसरे का दरवाजा बंद. ये भरोसे का काम नहीं, वायर का काम है." भावाने नंतर सांगितले की खऱ्या चौकातले सिग्नल बहुधा अशा पीएलसीवर चालत नाहीत, त्यांचे वेगळे कंट्रोलर असतात. पण चांगल्या कंट्रोलरमध्येही दोन हिरवे एकदम लागत नाहीत ना, एवढेच पाहत बसणारा एक स्वतंत्र पहारेकरी असतो.

पुढचे दोन रविवार चार चेंजओव्हरचे पाच रिले, त्यांचे सॉकेट आणि वायरींच्या जंगलात गेले. अब्बांचे हात थरथरतात. ते सांगायचे आणि मुली करायच्या. वायर सोलणे, लग दाबणे, दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल चढवणे. एका मुलीने नंबर न घालता वायर जोडली तर अब्बांनी ती काढायला लावली. फळीवर २३० व्होल्ट त्यांनी येऊ दिले नाहीत. सगळे दिवे चोवीस व्होल्टचे, मेनची वायर फक्त एसएमपीएसपर्यंत आणि तीही त्यांनी स्वतः तपासून झाकलेली.

चालणाऱ्यांना किती वेळ द्यायचा, हा शेवटचा प्रश्न. आमच्या चौकातला रस्ता मुलींनी सकाळी लवकर जाऊन मोजला, चौदा मीटर. रस्त्यांचे अभियंते साधारणपणे माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे बारा सेकंद. अमेरिकेच्या २००९ च्या नियमावलीत हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला, कारण म्हातारी माणसे हळू चालतात. मी म्हटले, आपणच मोजू. शाळेच्या मैदानात चुन्याने चौदा मीटर आखले. नववीच्या मुली दहा सेकंदांत गेल्या. पाचवीच्या मुली दप्तरासह तेरा ते पंधरा. थोरलीने आपल्या बहिणीला आणले. तिला सोळा लागले. तिने वेग वाढवायचा प्रयत्न केला तेव्हा बहीण ओरडली, "रोज चालतीस तशीच चाल!" संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत अब्बांना चालवले. काठी घेऊन एकवीस.

"मेरेकू मत पकडो," अब्बा म्हणाले, "मैं किधर जातू अब."

मुलींनी टायमरमध्ये दोनशे दहा टाकले.

प्रदर्शन एका मराठी शाळेच्या सभागृहात होते. 'चला'च्या हिरव्या दिव्यावर मुलींनी ओढणीवाल्या मुलीचे चित्र कापून लावले होते. २०२० मध्ये मुंबईत दादर भागातल्या पादचारी सिग्नलांवर बाईची आकृती आली, त्याचा फोटो त्यांनी कुठे तरी पाहिला होता. चार्टवर थोरलीने लिहिले होते की जगातला पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ उभा राहिला, तोही पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. तो गॅसच्या दिव्यांवर चालायचा आणि काही आठवड्यांतच गॅसचा स्फोट होऊन बंद पडला, हे तिने खाली बारीक अक्षरात लिहिले.

परीक्षक दोघे होते. एकाने विचारले, एका फेरीला त्र्याण्णव सेकंद, गाड्यांची केवढी रांग लागेल? थोरली मराठीत अडखळत म्हणाली, "सर, बारा सेकंद धरले असते तर चौऱ्याऐंशी झाले असते. फरक नऊ सेकंदांचा आहे." दुसऱ्याने विचारले, "आणि हा डबा बिघडला तर?" तिने काही न बोलता पीएलसीची वायर ओढली. डबा मेला. पाचही रिले सुटले, चारही बाजू लाल. परीक्षकाने वाकून फळीखाली पाहिले, कुणी बटण दाबणारे बसले आहे का म्हणून. "हे कुणी शिकवलं?" मी पुढे होऊ लागले, तेवढ्यात ती म्हणाली, "आमच्या टीचरच्या अब्बांनी. ते गिरणीत वायरमन होते." सभागृहात बरीच माणसे होती. माझे सहकारी, दोन मुख्याध्यापक, अधिकारी. मी मान हलवली, "हो, वायरमन." हा शब्द परक्यांसमोर मी बहुधा पहिल्यांदाच उच्चारला.

"आणि सगळीच लाईट गेली तर?" परीक्षक हसत म्हणाले.

"मग टीचर हात वर करून उभ्या राहतात."

आम्हाला उत्तेजनार्थ मिळाले. पहिला क्रमांक सौर कुकरला गेला. चौदा मीटरची मोजणी आणि पाचवीच्या मुलींचे आकडे लावून एक अर्ज आम्ही संबंधित कार्यालयात दिला. पोच आहे. उत्तर नाही.

फळी आता आमच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. अम्मी तिच्यावर ओले टॉवेल टाकते आणि अब्बा रोज काढतात. फेब्रुवारीत एका दुपारी शाळा सुटताना मी फाटकाबाहेर आले, तर चौकातल्या चहाच्या टपरीवर अब्बा बसलेले. घरापासून रिक्षाने आले होते. मनगटावरच्या घड्याळाकडे आणि सिग्नलकडे आळीपाळीने पाहत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "इधर बीच का लाल एक ईच सेकंद है." एका बाजूचा पिवळा गेला की दुसऱ्या बाजूचा हिरवा जवळजवळ लगेच लागतो, असे त्यांना म्हणायचे होते. रोज पाच-सहा वर्षे त्या सिग्नलखाली उभी राहूनही मी ते कधी मोजले नव्हते.

मुलींची रांग आली. मी रस्त्यात जाऊन हात वर केला. माझ्या शेजारी काठीचा ठक ठक आवाज आला. अब्बा उठून आले होते. त्यांनी दुसऱ्या बाजूला काठी आडवी धरली. एक बस थांबली, दोन मोटारसायकली कशाबशा थांबल्या. मुली गेल्या. मग आम्ही दोघे निघालो. मी त्यांचा दंड धरला होता आणि माझे लक्ष डावीकडून वळणाऱ्या रिक्षांकडे होते.

"उन्नीस," पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले.